नव्या क्लबची पहिली पायरी

नवा फुटबॉल क्लब उभा राहिला, तर त्याने कुठल्या लीगमध्ये उतरायचं? वरच्या, असं समर्थकांना वाटणारच. पण इंग्लंडमध्ये क्लबच्या हौसेला फार किंमत नसते. मैदान, प्रकाशझोत, ड्रेसिंगरूम, खर्चाची तरतूद आणि त्या पातळीवरची रिकामी जागा, या गोष्टी आधी पाहिल्या जातात.

२००२ साली लंडनच्या विम्बल्डन एफसी या क्लबला आपलं ठिकाण सोडून दूरच्या मिल्टन कीन्सला जायची परवानगी मिळाली. चिडलेल्या समर्थकांनी एएफसी विम्बल्डन हा स्वतःचाच क्लब काढला. वरच्या पायरीवरच्या इस्थमियन लीगने त्यांना दार उघडलं नाही. मग ते कंबाइंड काउंटीज लीगमध्ये, बऱ्याच खालच्या पायरीवर, उतरले. माझ्या मते तो नकार पथ्यावरच पडला. संघ घाईत जमवलेला होता, पहिल्या मोसमात तिसराच आला. दुसऱ्या मोसमात मात्र एकही लीग सामना न हरता विजेता ठरला! पुढे २०११ साली, ९ मोसमांत ५ बढत्या घेऊन, क्लब ‘फुटबॉल लीग’ या व्यावसायिक स्पर्धेत पोहोचला.

आपल्याकडे उलटंही घडलंय. बंगळूरु एफसीला २०१३ मध्ये थेट आय-लीग या देशातल्या तेव्हाच्या अव्वल लीगमध्ये प्रवेश मिळाला आणि पहिल्याच मोसमात त्यांनी विजेतेपद पटकावलं. अर्थात, त्यांच्यामागे बडा उद्योगसमूह होता.