गाताना सापडलेला ‘ळ’



आमच्या घरात ‘ळ’ नव्हता. घरी आम्ही दखनी बोलायचो. कमळाला कमल, डोळ्याला डोला आणि पाण्याला पानी. वडिलांनी मला मराठी शाळेत घातलं ते शाळा घराजवळ होती म्हणून. त्यामागं दुसरा काही विचार नव्हता. दुसरीत मी वाचायला उभा राहिलो की वर्गात खसखस पिकायची. माझ्या तोंडून ‘बाळ’चा ‘बाल’ झाला, की मागच्या बाकावरून कुणीतरी माझ्याच आवाजात तो परत म्हणायचं. मग मी वाचणंच टाळू लागलो. कधी पोटात दुखायचं, कधी पुस्तक घरी राहायचं.

तिसरीत गाण्याचा तास आला. शनिवारी, सकाळच्या शाळेत. बाई पेटी घेऊन यायच्या आणि पुस्तकातल्याच कविता चालीवर म्हणून घ्यायच्या. ओळीच्या शेवटी ‘ळ’ आला की चालीत ते अक्षर चांगलं लांबायचं. पन्नास पोरांच्या आवाजात माझा ‘ल’ इतरांना कळायचा नाही, मला मात्र स्पष्ट ऐकू यायचा. बोलताना ‘ळ’ इतक्या झटकन निघून जातो की त्याला पकडायला वेळच मिळत नाही. गाताना तो थांबतो. जीभ कुठं वळवायची हे शोधायला मला तेवढी सवड पुरली. बाईंनी माझी चूक कधी काढली नाही. त्या नुसती पेटी थांबवायच्या, आणि सगळा वर्ग ती ओळ पुन्हा म्हणायचा. दिवाळीपर्यंत ‘ळ’ आला. ‘ण’नं आणखी एक वर्ष घेतलं. पुढं मी मराठी घेऊन बी.ए. झालो, मराठीत कविता लिहू लागलो.

पहाटे मक्तबमध्ये हाफिजजी कुराणपठण शिकवत. त्याला आम्ही संगीत म्हणत नाही आणि म्हणूही नये. पण कानाची शिस्त तीच होती. एक ‘क’ घशातून खोल निघतो, दुसरा जरा पुढून, आणि त्यांत गल्लत झाली की पुन्हा पहिल्यापासून. मला वाटतं, एकाच कानाला दोन ठिकाणी वळण लागत होतं.

हे सगळं मी माझ्यापुरतंच समजत होतो. मग एका संशोधनाबद्दल वाचलं. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या गरीब वस्त्यांतल्या मुलांना एक संस्था फुकट संगीत शिकवते. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या नीना क्राउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या मुलांचा अभ्यास केला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. ‘ब’ आणि ‘ग’ यांसारखे जवळचे उच्चार मेंदू किती स्पष्टपणे वेगळे करतो, हे त्यांनी मोजलं. दोन वर्षं शिकलेल्या मुलांत फरक दिसला. एका वर्षात दिसला नव्हता. मला माझा ‘ण’ आठवला.

पण संगीताच्या नावावर खपवलेल्या गोष्टीही कमी नाहीत. १९९३ साली ‘नेचर’मध्ये एक लहानसा प्रयोग छापून आला. कॉलेजच्या ३६ विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्ट ऐकवला, तर आकृत्यांची कोडी सोडवण्यात ते थोडा वेळ वरचढ ठरले. तो परिणाम पाव तासही टिकला नाही. तेवढ्यावरून १९९८ मध्ये जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी नवजात बाळांना संगीताच्या सीडी वाटायचं ठरवलं! पुढं २०२० साली ५४ अभ्यास आणि सुमारे सात हजार मुलांची माहिती एकत्र तपासली गेली. तुलनेतल्या मुलांनाही नाटकासारखं दुसरं काही शिकवलं असेल, तर गणित-वाचनात संगीताचा वेगळा फायदा जवळजवळ उरत नाही, असं त्यात आढळलं. तेव्हा पेटीचा क्लास लावला की गणितात गुण वाढतील, असं कुणी सांगितलं तर जरा थांबा.

माझा भाचा तबला शिकतो. मी त्याला विचारलं, पाच मात्रांचा तुकडा तीनदा, मध्ये एकेक मात्रा रिकामी, तर तिहाई किती मात्रांची? त्यानं बोटंसुद्धा मोजली नाहीत. म्हणाला, ‘‘सतरा, मामू. सोळा तीनतालाच्या, सतरावी सम.’’ हाच मुलगा अपूर्णांकात मार खात होता. दुगुनीत प्रत्येक बोल अर्ध्या मात्रेचा होतो आणि वहीतला एक छेद दोन तो हाच, हे त्याला कुणी जोडूनच दिलं नव्हतं. एका संध्याकाळी आम्ही दोघांनी डग्गा-तबल्यापुढं वही उघडून ते जोडलं. तबला आपणहून गणित शिकवत नाही. शिकवणाऱ्याला दोन्ही यावं लागतं, किंवा दोन शिक्षकांनी एकमेकांशी बोलावं लागतं.

गाणं वर्गात आणायला आपल्याकडं माणसांनी कष्ट घेतले आहेत. १८८६ मध्ये बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयानं मौलाबक्षांनी गायनशाळा काढली. १९०१ मध्ये विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. उस्तादाच्या घरातली विद्या फळ्यावर लिहून सगळ्यांना देता येते, यावर त्या दोघांचा विश्वास होता. आता शास्त्रीय संगीताच्या ठरावीक परीक्षा दिल्या तर दहावीला वाढीव गुण मिळतात. चांगलं आहे. पण क्लासची फी भरणाऱ्यांची मुलं ते गुण घेणार. माझ्यासारख्या मुलाला तो तास फुकट मिळाला होता, शाळेतच, आणि त्याला परीक्षा नव्हती.

ओळखीच्या एका शाळेत गाण्याच्या बाई निवृत्त झाल्या, त्यांची जागा भरली नाही. शनिवारच्या तासाला आता स्कॉलरशिपचे पेपर सोडवून घेतात. पेटी कपाटात होती. मी आणि एक माजी विद्यार्थी मुख्याध्यापकांना भेटलो. त्यांनी किल्ली दिली, म्हणाले, शाळा सुटल्यावर बसा. आम्ही बसतो. चौदा मुलं येतात. त्यांत एक ओडिया बोलणारी मुलगी आहे, तिचे वडील बांधकामावर आहेत. तिला ‘ळ’ येतो, तिच्या भाषेत तो आहे. तिचं ‘च’ आणि ‘ज’ यांच्यापाशी अडतं. म्हणून सध्या ‘चांदोबा’ आणि ‘जहाज’ असलेल्या ओळी जरा संथ लयीत घेतो आहोत.