पाण्याखाली उजेडाचा निरोप

श्रोतेहो, मिरजगावाहून समुद्र पाहायला निघायचे तर आधी घाट उतरावा लागतो. नगर-सोलापूर रस्त्यावरचे हे आपले गाव. आपले पाणी म्हणजे विहीर, शेततळे, आणि पाऊस बरा झाला तर सीना. तेव्हा समुद्राच्या पोटातून निरोप कसे पाठवतात ही गोष्ट आम्हांला कशाला, असे कोणी विचारील. पण या गोष्टीत शेवटी सगळा कारभार गढूळपणाच्या हाती जातो, आणि गढूळ पाणी आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे?

मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत 'बॉम्बे हाय', म्हणजे आताचे 'मुंबई हाय', हे तेलक्षेत्र आहे. तेथे १९७४ साली तेल लागले. समुद्र तेथे साधारण ७५ मीटर खोल. आपल्या जुन्या विहिरीच्या मापाने चाळीसएक परस. तळाशी नळ पसरलेले आहेत. ते गंजले का, चिरले का, हे पाहायला पाणबुड्ये उतरतात, किंवा कॅमेरा लावलेले यंत्र उतरवतात. पाणबुड्याच्या पाठीशी नळ्या आणि तारा यांचा एक जुडगा असतो. त्यातूनच त्याला हवा मिळते आणि त्यातूनच वरच्या माणसाशी बोलता येते. यंत्रालाही जाड तार असते. ही तार खांबांत अडकली, पिळली किंवा तुटली, की काम थांबते. माणूस खाली असेल तर जिवावरच बेतते. निदान बोलण्यापुरती आणि चित्र पाठवण्यापुरती तरी ही तार काढून टाकता येईल का, असा हा प्रश्न आहे.

आपण म्हणाल, रेडिओ आहे की! हे भाषण तारेविनाच आपल्या घरात येते. खरे आहे, पण खारट पाणी विजेचे वाहक आहे आणि रेडिओच्या लहरी ते गिळून टाकते. मध्यम लहरींवरचा कार्यक्रम समुद्राच्या पाण्यात पाऊण हात खोल गेला, की त्याचा जोर एक-तृतीयांशाच्या आसपास येतो. पुढच्या पाऊण हातात पुन्हा तितकाच घटतो. फार लांब लहरी घेतल्या तर त्या काही मीटर आत शिरतात. तामिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ आपल्या नौदलाचे असे केंद्र आहे. पण त्या लहरींवर चार शब्दांचा हुकूम जातो, चित्र जात नाही. आणि उत्तर द्यायचे, तर एवढे अवाढव्य केंद्र पाणबुडी आपल्या पाठीवर कोठून नेणार?

मग राहिला आवाज. देवमासे हेच करतात. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो, हवेतल्या चौपटीहून अधिक, आणि कित्येक किलोमीटर पोचतो. मात्र त्याच्या पाठीवर ओझे थोडे मावते. संदेशाचा सर्वांत लहान दाणा म्हणजे 'बिट': एक हो किंवा एक नाही. मोबाइलवरच्या साध्या छायाचित्रात असे ८० लाख दाणे सहज असतात. आवाजाने सेकंदाला दहा हजार दाणे नेले, तरी एक छायाचित्र वर यायला तेरा मिनिटांहून अधिक लागतील. चालत्या चित्राची गोष्टच सोडा.

आता उजेडाकडे वळू. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन विलायतेहून 'नारकुंडा' जहाजाने परत येत होते. भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग त्यांनी पाहिला. लॉर्ड रॅले या थोर पंडितांचे मत असे, की ती आकाशाची सावली आहे. रामन यांनी निकोल लोलक डोळ्याला लावून पृष्ठभागावरून परावर्तित होणारा उजेड अडवला. तरी समुद्र निळाच. मुंबई बंदरात जहाज लागले तेव्हा, २६ सप्टेंबर १९२१ या तारखेचे, त्यांचे पत्र 'नेचर' या नियतकालिकासाठी तयार होते. पाण्याचे कण निळा उजेड विखुरतात हे त्यांनी दाखवले. शिवाय पाणी तांबडा उजेड लवकर गिळते आणि निळा-हिरवा दूरवर जाऊ देते, हेही आज आपल्याला माहीत आहे. निरोप पाठवायला हीच ती खिडकी.

या खिडकीतून निरोप धाडायचा तर दिवा फार झपाट्याने लावता-विझवता यायला हवा. तारेचा जुना बल्ब विझता विझताही तांबूस राहतो. तो येथे कामाचा नाही. निळा एलईडी आणि निळा लेसर सेकंदाला कोट्यवधी वेळा उघडझाप करू शकतात. आपल्या घरातल्या पांढऱ्या एलईडी बल्बच्या पोटातही बहुधा निळाच दिवा असतो, वर पिवळा लेप. त्या निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल तीन शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. २०१५ साली सौदी अरेबियातील किंग अब्दुल्ला विद्यापीठात निळ्या लेसरने ५.४ मीटर पाण्यातून सेकंदाला ४८० कोटी बिट पाठवून दाखवले. अमेरिकेतील वुड्स होल संस्थेने खोल, नितळ समुद्रात १०० मीटरच्या आसपास सेकंदाला १ कोटी बिटांची मजल मारली. म्हणजे आपले छायाचित्र सेकंदाच्या आत वर!

येथे टाळ्या वाजवायच्या आधी जरा थांबा. शिक्षकबंधूंनी फळ्यावर हे गणित अवश्य मांडावे. बंदरातल्या गढूळ पाण्यात एका मीटरनंतर सरळ जाणाऱ्या उजेडाचा सुमारे नववा हिस्सा उरतो. दोन मीटरनंतर त्याचाही नववा, म्हणजे एक्क्याऐंशीवा. तीन मीटरनंतर सातशे एकोणतिसावा. पाच मीटरनंतर काय उरते ते मुलांनी काढावे. जेथून रामन यांचे पत्र निघाले त्या मुंबई बंदरातच, खाड्यांच्या गाळामुळे, ही युक्ती लंगडी पडते. पावसाळ्यात तर विचारूच नका. 'तारेविना समुद्रात इंटरनेट' अशा जाहिराती वाचताना पाणी कोठले होते हे आधी विचारावे, असे माझे मत आहे. दुसरे असे, की उजेडाने निरोप जातो, यंत्र चालवण्याची वीज जात नाही. तार काढली तर यंत्राला बॅटरी बाळगावी लागते, आणि पाणबुड्याला तर हवा लागतेच.

आवाजाला निवृत्त करता येणार नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात 'पी-३०५' हा २६१ माणसांचा तराफा बुडाला. अनेक कामगार गेले. त्याचे अवशेष तळावर कोठे पडले आहेत हे नौदलाच्या 'मकर' जहाजाने ध्वनिलहरींनी चाचपून काढले. दूरवर शोधायचे काम आवाजाचे. जवळ गेल्यावर, पाणी नितळ असेल तर, भरभरून सांगायचे काम उजेडाचे. पुढची यंत्रे दोन्ही बाळगतील असे दिसते.

शाळेत हे करून पाहता येईल. खेळण्यातली लहानशी सौरपट्टी घ्या आणि तिच्या दोन तारा शाळेच्या लाउडस्पीकरच्या माइकच्या जागी जोडा. खोलीत अंधार करून टॉर्चचा झोत पट्टीवर धरा आणि झोतासमोरून केसांची फणी झरझर ओढा. उजेडाचे तुकडे पडतात आणि कर्ण्यातून 'करर्र' ऐकू येते. काही टॉर्च मुळातच गुणगुणतात, तेव्हा दुसरा घ्यावा. आता मधे पाण्याने भरलेली काचेची पेटी ठेवा. आवाज बहुतेक तसाच राहील. मग एकेक चमचा आपल्या शेतातली काळी माती टाकून ढवळत जा. कितव्या चमच्याला आवाज मेला ते लिहून ठेवा. नंतर पेटी न हलवता बसा. गाळ खाली बसू लागला, की फणीचा आवाज हळूहळू परत येतो. त्याला किती वेळ लागतो ते मुलांना घड्याळ लावून मोजू द्या.