सेरेंगेटीचे कळप आणि घरची ओढ



तुमच्यापैकी कोणी उद्या सेवाभावाने आफ्रिकेत शिकवायला जाईल, त्याच्यासाठी आज दोन शब्द सांगायचे आहेत. १९६१ साली अमेरिकेच्या पीस कोअरने घानाला स्वयंसेवक पाठवले, ते शिक्षकच होते. १९७० साली संयुक्त राष्ट्रसंघानेही स्वयंसेवक योजना सुरू केली. या वाटेने पुष्कळ तरुण गेले. सिंह-हत्ती पाहण्याची हौस सर्वांनाच असते. घरच्या आठवणीची तयारी मात्र थोडेच करतात.

समजा, तुम्ही टांझानियात अरुशाजवळच्या एका शाळेत गेलात. सुरुवातीचे दिवस नवलाईत जातात. तिथली स्वाहिली भाषाही फार परकी वाटत नाही. पुस्तक म्हणजे 'किताबू', दुकान म्हणजे 'दुका' आणि 'सफारी' म्हणजे आपली सफरच. शिक्षकाला 'म्वालिमु' म्हणतात. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे मूळचे शिक्षक. लोक त्यांना आदराने 'म्वालिमु' म्हणत.

मग सुट्टीत तुम्ही न्गोरोंगोरोला जाता. सुमारे ६०० मीटर खोल आणि २० किलोमीटर रुंद असे ते ज्वालामुखीचे विवर. काठावरून पाहिले तर तळाशी चरणाऱ्या रानम्हशी मुंग्यांएवढ्या दिसतात. त्यापुढे सेरेंगेटी. मासाई भाषेतून आलेल्या या नावाचा अर्थ अफाट मैदान. फेब्रुवारीच्या सुमारास तिथल्या आखूड गवतावर वाइल्डबीस्टच्या माद्या वितात. वासरू काही मिनिटांत उभे राहते आणि आईमागे धावू लागते. हजारोंच्या गर्दीत आई आपले वासरू वासावरून ओळखते. चुकलेले वासरू बहुधा तरसाच्या तोंडी पडते.

नेमके हे पाहतानाच घर आठवते. वाटते, हे आईला दाखवायला हवे होते, धाकट्या भावाला दाखवायला हवे होते. दृश्य जितके मोठे, तितके एकटेपणही मोठे. तिथे पाच वाजता अजून ऊन असते. आपल्या घरी साडेसात वाजून दिवे लागलेले असतात.

याला दुबळेपणा समजू नका. १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने देशाबाहेर राहणाऱ्या स्विस लोकांच्या या ओढीला आजार मानले आणि परतणे व वेदना या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांतून 'नॉस्टॅल्जिया' हे नाव तयार केले. आज तिला कोणी आजार म्हणत नाही. ती मायेची खूण आहे.

पण या ओढीने मुदतीआधीच परतावेसे वाटते. वर्षाच्या मध्यावर शिक्षकाने सोडलेल्या वर्गाचे काय होते, हे आम्ही शिक्षक जाणतो. म्हणून आठवण दाबू नका, तिला काम द्या. घरी सविस्तर पत्र लिहा. शेजाऱ्यांकडे चहा प्या. तिथेही त्याला 'चाय'च म्हणतात आणि चपातीला 'चपाती'. मुख्य म्हणजे, पाहिलेले वर्गात सांगा. मुलांकडून चित्रे काढून घ्या, त्यांच्या आजोबांच्या जनावरांच्या गोष्टी ऐका. ज्याला सांगायला माणूस मिळाले, त्याचे एकटेपण निम्मे झाले.

वाइल्डबीस्टचे कळप पाऊस आणि गवत यांच्या मागे उत्तरेला मारा नदीपर्यंत जातात आणि पावसाबरोबर पुन्हा दक्षिणेला येतात. फेरा पुरा झाल्यावाचून परतणे नाही. तुम्हीही घेतलेली मुदत पुरी करा आणि मग घरी या. तुमची सफर ऐकायला आमचे वर्ग उत्सुक असतील.