घर दाखविणारी नागमोडी रेघ

सकाळीं अकराच्या सुमारास दादर स्टेशनच्या पुलावर क्षणभर थांबावें. डब्यांनीं भरलेली लांबट लाकडी खोकीं डोक्यावर घेऊन माणसें धांवत असतात. प्रत्येक झाकणावर एखादें अक्षर, एक ठळक आंकडा, रंगाची एखादी खूण. पत्ता असा नाहींच. महादू हवजी बच्चे यांनीं १८९० सालीं हा व्यवसाय सुरू केला, तेव्हां डबे वाहणारांपैकीं बहुतेकांस अक्षरओळख नव्हती. म्हणून प्रथम रंगीत दोरे व चिंध्या आल्या, अक्षरें मागाहून. तीच खूण डबा गिरगांवांतील पेढीवर पोंचविते आणि रिकामा झाल्यावर घरींही आणते.

संगणकास लेखी आज्ञा देणारांजवळ घराची अशीच एक खूण आहे : ~ ही नागमोडी रेघ. तिचा अर्थ ‘माझें घर’, म्हणजे त्या माणसाच्या कागदपत्रांचा कप्पा. वास्तविक रेघेचा घराशीं कांहीं संबंध नाहीं. मध्ययुगांतील युरोपीय लेखनिक चर्मपत्र महाग म्हणून शब्दांतील ‘न’ गाळीत व वर रेघ ओढीत. स्पॅनिश भाषेंत ती अद्याप टिकून आहे.

मग तिला घर मिळालें कोठें? अमेरिकेंत १९७६ च्या सुमारास लिअर सीग्लर कंपनीचें ‘एडीएम-३ए’ हें स्वस्त यंत्र निघालें. पडद्यावरील दर्शकास वरच्या डाव्या कोपऱ्यांत, म्हणजे त्याच्या ‘घरीं’, धाडणारा ‘होम’ हा शब्द आणि ही रेघ तेथें एकाच कळीवर छापलेलीं होतीं! बर्कली विद्यापीठांतील बिल जॉय यांनीं याच यंत्रावर काम केलें, आणि त्यांच्या ‘सी शेल’ या आज्ञावाहकांत रेघ घरवाचक झाली. पुढें ‘होम’ची कळ निराळी झाली, अर्थ राहिला.

खुणेंत चूक झाली तर मात्र फजिती होते. डबा चुकला तर एक गृहस्थ दुपारीं उपाशी राहतो. इकडे कांहीं लेखनसाधनें जुन्या प्रतींच्या नांवाअखेर हीच रेघ लावितात. त्या पुसून टाकण्यासाठीं ‘सर्व’ अर्थाची तारका व तिला चिकटून रेघ लिहावयाची असते. घाईंत दोहोंमध्यें एक मोकळी जागा पडली, कीं तारका एकटी उरते आणि जुन्या प्रतींबरोबर त्या कप्प्यांतील नवे कागदही न विचारतां पुसले जातात.