फिटची गोळी बंद कधी करायची?

नेहमीप्रमाणे हा एपिसोडचा लिहिलेला मजकूर आहे. ज्यांना लोकलमध्ये ऐकू येत नाही, त्यांनी वाचून घ्या. मागे मधूनच जो घोंघाट येतो तो विमानाचा. उलव्यात राहून पॉडकास्ट करायचा म्हणजे आता तो येणारच.

आजचा विषय फिट, म्हणजे आकडी, मिरगी, फेफरं. डॉक्टरांच्या भाषेत अपस्मार किंवा एपिलेप्सी. मी डॉक्टर नाही. मी फार्मसिस्ट आहे, मेडिकलच्या काउंटरमागे उभा राहणारा माणूस. त्यामुळे आजाराचं निदान, कुठली गोळी, किती मिलिग्रॅम, हे मी सांगणार नाही. पण गोळी हातात पडल्यापासून पोटात जाईपर्यंत काय काय बिघडतं, ते मला रोज दिसतं. आज त्याबद्दल बोलू.

निमित्त एका व्हॉइस नोटचं. नाव सांगत नाही. एक मुलगी आहे, वय तेवीस. ती म्हणते, "दादा, आठ महिने गोळी चालू आहे, एकदाही फिट आली नाही. घरात लग्नाची बोलणी सुरू होणार आहेत. आई म्हणते, बरी झालीस ना, मग आता बंद कर, उगाच पाहुण्यांना स्ट्रिप दिसायची. बंद केली तर चालेल का?"

ताई, उत्तर आधीच देऊन टाकतो. स्वतःहून नाही. एक दिवससुद्धा नाही. आता कारण ऐक.

ताप उतरला की आपण क्रोसिन बंद करतो. घसा बरा झाला की गोळी संपली. त्यामुळे 'त्रास नाही म्हणजे आजार गेला' हे गणित डोक्यात पक्कं बसलेलं असतं. फिटच्या गोळीला हे गणित लागू नाही. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बारीक विद्युत संदेशांनी बोलतात. फिट येते तेव्हा पेशींचा एक मोठा गट एकाच वेळी, बेसुमार संदेश सोडायला लागतो. गोळी काय करते, तर पेशींना तितकं भडकू देत नाही. कुठली गोळी सोडियमच्या वाटा आवरते, कुठली मेंदूतलं शांत करणारं रसायन वाढवते. पण भडकायची प्रवृत्ती ती मुळातून काढत नाही. म्हणजे आठ महिने फिट आली नाही याचा अर्थ गोळी तिचं काम करते आहे. आणि नेमक्या त्याच कारणासाठी आपण तिला कामावरून काढायला निघालोय.

अचानक बंद केली की धोका आणखी मोठा. मेंदूला औषधाची सवय झालेली असते, ते एकदम गेलं की तो आधीपेक्षा जास्त भडकू शकतो. एकामागून एक फिट, मध्ये शुद्धच नाही, अशी अवस्था येऊ शकते. त्यात जीव जातो. हे घाबरवायला सांगत नाही. गोळी एकदम सोडणं हे त्याचं एक नेहमीचं कारण आहे, म्हणून सांगतोय.

मग जन्मभर घ्यायची का? बऱ्याच जणांना नाही. सर्वसाधारणपणे निदान दोन वर्षं एकही फिट नसेल तर डॉक्टर बंद करण्याचा विचार करतात. तोही ईईजी, एमआरआय, फिटचा प्रकार, वय, सगळं बघून. आणि बंद म्हणजे हळूहळू, काही आठवडे ते काही महिने डोस उतरवत. काही प्रकारांत मात्र बंद केल्यावर फिट परत येण्याची शक्यता बरीच असते. उदाहरणार्थ, किशोरवयात सुरू होणारा एक प्रकार आहे. सकाळी उठल्या उठल्या हाताला झटके येतात, टूथब्रश किंवा चहाचा कप हातातून उडतो, घरचे म्हणतात धांदरट आहे. त्यात बहुतेकांना गोळी लांब चालू ठेवावी लागते. शिवाय फिटच्या काही नेहमीच्या गोळ्यांनी, कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइनने, हा प्रकार उलट वाढू शकतो. म्हणून 'माझ्या चुलत्याला ही गोळी लागू पडली' हे वाक्य ऐकलं की मी काउंटरवरूनच हात जोडतो.

जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे की नीट निदान आणि औषध मिळालं तर दहापैकी सात जणांच्या फिट थांबू शकतात. जगात सुमारे 5 कोटी लोकांना हा आजार आहे. म्हणजे आपल्या लोकलच्या डब्यात, ऑफिसच्या मजल्यावर कुणीतरी असणारच. फातिमा सना शेखने स्वतः सांगितलं आहे की 'दंगल'ची तयारी चालू असताना तिला एपिलेप्सीचं निदान झालं. जॉन्टी ऱ्होड्सलाही एपिलेप्सी आहे, आणि त्याची फिल्डिंग तुम्ही यूट्यूबवर बघितली असेलच.

आता चुकलेल्या डोसबद्दल. इथे सगळ्यात जास्त गडबड होते आणि त्यात आळसाचा भाग कमी असतो. आपल्याकडचं जगणंच तसं आहे. बामणडोंगरी किंवा खारकोपरहून सकाळची गाडी पकडायची, रात्री कधी परत येऊ ते माहीत नाही. कुणी शिफ्टमध्ये, कुणी जेएनपीटीला, कुणी आता विमानतळावर. गोळी घरी, आपण बेलापूरला.

लेव्हेटिरासिटाम नावाची गोळी हल्ली पुष्कळ जणांना असते. शरीर ती भराभर बाहेर टाकतं, साधारण सात तासांत रक्तातलं प्रमाण निम्मं. म्हणूनच साधी गोळी दिवसातून दोनदा असते. सकाळी आठला घेतली, रात्रीची चुकली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या डोसचा जेमतेम दहावा हिस्सा उरलेला असतो. त्यात रात्री झोप कमी झालेली, सकाळी उपाशीपोटी धावपळ. म्हणजे फिटला आमंत्रणच. उलट फेनोबार्बिटोन ही 1912 पासून वापरात असलेली जुनी गोळी शरीरात कित्येक दिवस रेंगाळते. त्यामुळे 'मी एकदा विसरलो, काही झालं नाही' हा एकाचा अनुभव दुसऱ्याच्या कामाचा नाही.

डोस विसरला तर सर्वसाधारण नियम असा, की आठवताच घ्या. पण पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर दोन एकदम घेऊ नका. 'जवळ' म्हणजे किती, हे तुमच्या गोळीवर ठरतं. हा प्रश्न डॉक्टरांना आधीच विचारून मोबाइलमध्ये लिहून ठेवा. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तर काय करायचं, तेही त्याच वेळी विचारा. फोनमध्ये अलार्म लावा, बॅगेत दोन दिवसांच्या गोळ्या वेगळ्या ठेवा आणि घरात आठवडाभराचा साठा शिल्लक असतानाच नवीन घ्या. स्ट्रिपमधली शेवटची गोळी रविवारी रात्रीच संपते, हा मेडिकलवाल्याचा अनुभव आहे.

आणखी एक, खास कोकणातल्या हवेसाठी. सोडियम व्हॅलप्रोएटच्या गोळ्या ओलावा शोषतात. डबीत टाकायला सोपं म्हणून महिन्याभराच्या गोळ्या फॉइलमधून काढून ठेवल्या, की पावसाळ्यात त्या चिकट होतात, फुगतात. त्या स्ट्रिपमध्येच राहू द्या. कात्रीने स्ट्रिप कापून डबीत ठेवली तरी चालतं.

गोळीच्या नावापुढे सीआर, एक्सआर, क्रोनो असं काही असेल तर ती हळूहळू विरघळणारी आहे. ती कुटायची नाही, चावायची नाही. घशाखाली उतरत नाही म्हणून खलबत्त्यात घातली तर दिवसभराचं औषध एकदम अंगात येऊ शकतं. गिळता येत नसेल तर सिरप असतं, विचारा.

आता थोडं माझ्याच धंद्याविरुद्ध. दुकानदार म्हणतो, "ही कंपनी नाही, दुसरी देतो, सेमच आहे." खोकल्याच्या औषधात ठीक आहे. फिटच्या गोळीत, विशेषतः फेनिटॉइनमध्ये, थोडा फरकही महागात पडू शकतो. तिचा डोस जरासा वाढला तरी रक्तातलं प्रमाण एकदम उडी मारतं. मग चालताना झोक जातो, डोळ्यांसमोर दोन-दोन दिसतं. मी जेनेरिकच्या विरोधात अजिबात नाही. परवडत नाही म्हणून गोळी सोडण्यापेक्षा जनऔषधी केंद्रातली स्वस्त गोळी हजारपट बरी. पण जी घ्याल ती कायम तीच घ्या, आणि बदलायची तर डॉक्टरांना सांगून बदला. साधी मागितली आणि सीआर मिळाली, किंवा 200 च्या जागी 300 मिळाली, हेही बघून घ्या. चिठ्ठी आणि स्ट्रिप शेजारी धरून वाचायला अर्धा मिनिट लागतो.

दुसऱ्या कुठल्याही आजारासाठी डॉक्टरकडे गेलात, अगदी दातांच्या, तरी पहिलं वाक्य हे, की मला फिटची गोळी चालू आहे. टीबीच्या औषधांतलं आयसोनियाझिड फेनिटॉइनचं प्रमाण वाढवतं, रिफाम्पिसिन ते कमी करतं. ट्रॅमाडॉलसारखी दुखण्याची गोळी, सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी अँटिबायोटिक फिटची शक्यता वाढवू शकते. आणि कापूर. सर्दीत कापराचं तेल डोक्याला, छातीला चोळायची आपल्याकडे सवय आहे. कापूर पोटात गेला तर फिट येते हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत आहे. फिटवाल्या माणसाने त्या वाटेला जाऊच नये.

दुष्परिणाम होतात, नाही कसे. लेव्हेटिरासिटामने काहींची चिडचिड वाढते, मन उदास होतं, क्वचित जीव द्यावासा वाटतो. हे 'स्वभाव बदलला' म्हणून सोडून देऊ नका. व्हॅलप्रोएटने वजन वाढू शकतं, केस गळू शकतात. फेनिटॉइनने हिरड्या सुजतात. हे सगळं डॉक्टरांना सांगायचं, गोळी बदलता येते. पण कार्बामाझेपिन किंवा लॅमोट्रिजिन नवीन सुरू केल्यावर अंगावर पुरळ आलं, सोबत ताप किंवा तोंडात फोड, तर उद्याची वाट बघायची नाही. त्याच दिवशी हॉस्पिटल.

आता मुलींसाठी, आणि ज्या आया हे ऐकतायत त्यांच्यासाठीसुद्धा. व्हॅलप्रोएट गरोदरपणात चालू असेल तर साधारण दहापैकी एका बाळात जन्मजात व्यंग आढळतं, आणि शंभरातल्या तीस-चाळीस मुलांच्या बोलण्या-शिकण्याच्या वाढीवर परिणाम दिसतो. म्हणून तरुण मुलींना शक्यतो दुसरी गोळी द्यावी असं आता जगभर सांगितलं जातं. लॅमोट्रिजिन, लेव्हेटिरासिटाम त्या मानाने बऱ्याच सुरक्षित मानल्या जातात. पण हे ऐकून कुणी आज रात्री व्हॅलप्रोएट बंद करायची नाही. गरोदरपणात मोठी फिट येणं हेही आई आणि बाळ दोघांना धोक्याचंच. मूल हवं असेल तर दिवस राहण्याच्या कितीतरी आधी डॉक्टरांशी बोलायचं. औषध बदलायला वेळ लागतो, फॉलिक अॅसिडही आधीपासून सुरू करतात. आणि कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन चालू असताना गर्भनिरोधक गोळीचा भरवसा कमी होतो, हेही कुणी सांगत नाही.

आईच्या त्या पाहुण्यांच्या काळजीकडे वळतो. तिला दोष देऊ नका, तिच्या तरुणपणी कायदाच तसा होता. हिंदू विवाह कायद्यात 'वारंवार येणारे अपस्माराचे झटके' हे वेडासोबत एकाच ओळीत बसवलेलं होतं आणि त्यावरून लग्न रद्द करायला कोर्टात जाता येत होतं. 1999 च्या दुरुस्तीने 'अपस्मार' हा शब्द तिथून काढला. म्हणजे फिट आहे म्हणून लग्न करता येत नाही, असं कायदा म्हणत नाही. पण लपवून केलेल्या लग्नात काय होतं ते मी काउंटरवरून बघतो. नवी सून गोळी साबणाच्या डबीत लपवते, माहेरी जाईपर्यंत पुरवते, एक दिवस संपते. आणि मग नको तिथे, नको तेव्हा फिट येते. माझं मत विचाराल तर, बोलणी पक्की होण्याआधी मुलाला स्वतः सांग. जो ऐकून उठून जाईल तो गेलेलाच बरा. पुण्यात यशोदा वाकणकर, अनिल अवचटांच्या कन्या, स्वतः एपिलेप्सीतून गेलेल्या. त्यांनी 'संवेदना फाउंडेशन' नावाचा आधारगट उभा केला आहे, लग्नाच्या प्रश्नावरही तिथे मोकळं बोललं जातं. आईला घेऊन एकदा संपर्क कर. माझ्यासारख्याने शंभर गोष्टी सांगण्यापेक्षा फिट असलेली, संसार करणारी बाई समोर बसलेली बघणं वेगळं.

गाडीचं विचारणारे बरेच असतात. लायसन्सच्या फॉर्म 1 मध्ये, स्वतःच्या आरोग्याची घोषणा करतो तिथे, अपस्माराबद्दल पहिलाच प्रश्न आहे. तिथे खोटं लिहून अटल सेतूवर गाडी घालणं म्हणजे आपल्यासोबत मागच्याचाही जीव टांगणीला लावणं. उपवासाचं सोपं आहे, नवरात्र असो की एकादशी, गोळी पाण्यासोबत घ्यायचीच. जागरण आणि दारू मात्र टाळा. रात्रपाळी असेल तर डॉक्टरांना तसं सांगून वेळा बसवून घ्या.

शेवटी रूममेट, सहकारी, नवरा-बायको, प्लॅटफॉर्मवर शेजारी उभे असलेले, म्हणजे आपण सगळे. फिट आली की घड्याळ बघा. डोक्याखाली बॅग किंवा ओढणी ठेवा, आजूबाजूचं लागेलसं सामान हलवा, चष्मा काढा, गळ्याभोवतीचं सैल करा. झटके थांबले की कुशीवर वळवा. हात-पाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी, गोळी काहीही घालू नका. कांदा आणि चप्पल जिथली तिथे राहू द्या. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते, तोवर कुणीतरी कांदा फोडून आणलेला असतो, आणि श्रेय कांद्याला मिळतं. पाच मिनिटं झाली तरी थांबली नाही, शुद्धीवर न येता दुसरी सुरू झाली, बाई गरोदर असली, मार लागला असला किंवा आयुष्यातली पहिलीच फिट असली, तर 108 ला फोन. डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडॅझोलामचा स्प्रे लिहून दिला असेल तर तो कपाटात नको, बॅगेत हवा, आणि कसा मारायचा ते घरातल्या निदान दोघांना यायला हवं. शुद्धीवर आल्यावर माणूस गोंधळलेला असतो, थकलेला असतो, कधी कपडे ओले झालेले असतात. गर्दी हटवा, व्हिडिओ काढणाऱ्याला बाजूला करा. घरच्यांनी मात्र डॉक्टरांना दाखवायला जरूर काढावा, निदानाला त्याचा फार उपयोग होतो.

प्रश्न असतील तर नेहमीच्या व्हॉट्सअॅप नंबरवर व्हॉइस नोट पाठवा, एक मिनिटाच्या आत. पुढचा एपिसोड दम्याच्या पंपावर.