रात्री उशिरा हीथ्रोवर उतरणाऱ्यांसाठी



सप्टेंबर जवळ आला की आपल्यापैकी बहुतेकांच्या व्हॉट्सॲपवर एक ठराविक निरोप येतो. 'भाचीला लंडनला ॲडमिशन मिळाली आहे. विमान रात्री उतरतंय. खोलीवर कसं जायचं, जरा सांगाल का?' आपण कामाच्या गडबडीत 'उबर करायला सांग' एवढं लिहून मोकळे होतो. उत्तर चुकीचं नाही, पण रात्री अकराला तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा घेऊन उभ्या असलेल्या बावीस वर्षांच्या मुलीला ते पुरत नाही. म्हणून आज जरा सविस्तर बोलू. कामानिमित्त मी हीथ्रोवर इतक्या वेळा रात्री उतरलो आहे, की त्यातला थोडा उपयोग तुम्हाला व्हावा.

आधी वेळेचा हिशोब करा. तिकिटावर रात्री दहा लिहिलं असेल तर तुम्ही दहाला बाहेर येत नाही. भारतीय पासपोर्टवाल्यांना सहसा ई-गेटमधून जाता येत नाही, अधिकाऱ्यापुढच्या रांगेत उभं राहावं लागतं. मग सामान. दीड-दोन तास सहज जातात आणि तुम्ही मध्यरात्री बाहेर पडता. नेमकी तेव्हाच ट्यूब आणि एलिझाबेथ लाइन बंद व्हायच्या बेतात असतात. पिकॅडिली लाइन रात्रभर चालते ती फक्त शुक्रवारी आणि शनिवारी, आणि तीही टर्मिनल ४ ला जात नाही. टर्मिनल २ आणि ३ चं स्टेशन एकच आहे, ४ आणि ५ ची वेगळी. तेव्हा आपलं टर्मिनल कोणतं, हे विमानात बसण्याआधी माहीत हवं.

रात्रभर चालणारी एन ९ नंबरची बस हाउंस्लो, हॅमरस्मिथवरून मध्य लंडनपर्यंत जाते. स्वस्त आहे, सुरक्षितही आहे. खालच्या मजल्यावर ड्रायव्हरच्या जवळ बसावं. पण बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत, कार्डच लागतं. आणि इथे आपली मंडळी अडकतात. भारतातल्या नव्या कार्डावर परदेशातले व्यवहार सुरुवातीला बंद असतात, ते बँकेच्या ॲपमधून चालू करावे लागतात. हे निघण्याआधी घरी बसून करा. इथे उतरल्यावर ओटीपी भारतातल्या सिमवर येणार आणि ते सिम रोमिंगवर चालेलच असं नाही. आमच्या धंद्यात याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात. एका फोनवर पत्ता, पैसे, तिकीट, व्हिसा सगळं, आणि त्याची बॅटरी चार टक्के!

म्हणून कागद. हसू नका. एका कागदावर राहण्याचा पूर्ण पत्ता पोस्टकोडसकट, घरमालकाचा किंवा हॉस्टेलचा रात्रीचा फोन नंबर आणि इथल्या एका ओळखीच्या माणसाचा नंबर लिहा आणि तो पासपोर्टमध्ये ठेवा. पोस्टकोड मुद्दाम सांगतोय. 'चर्च रोड' आणि 'हाय स्ट्रीट' लंडनमध्ये जागोजागी आहेत. पोस्टकोड नसेल तर ड्रायव्हर तुम्हाला भलत्याच चर्च रोडवर नेऊन सोडेल, आणि त्यात त्याचा दोष नसेल.

आता टॅक्सी. इथे कायदा स्पष्ट आहे. रस्त्यावर किंवा स्टँडवर तुम्हाला थेट गाडीत बसवण्याची परवानगी फक्त ब्लॅक कॅबला आहे. बाकी सगळ्या गाड्या, म्हणजे मिनीकॅब आणि ॲपवाल्याही, आधी बुक केलेल्याच असायला हव्यात. त्यामुळे अरायव्हल्सच्या दारात कोणी 'टॅक्सी?' म्हणून जवळ आलं, तर त्या एका प्रश्नावरूनच समजा की हा माणूस नियमात बसत नाही. तो हिंदीत बोलेल. 'ईलिंग? हॅरो? चलो बेटा, सस्ते में छोड देता हूँ.' नऊ तासांच्या प्रवासानंतर आपल्याकडची भाषा कानावर पडली की जीव हलका होतो, मला मान्य आहे. पण बुकिंग नसलेल्या त्या गाडीचा प्रवासी म्हणून तुमचा विमा लागू होत नाही, आणि तुम्ही कोणाबरोबर गेलात याची कुठेही नोंद नसते. मान हलवून 'नो, थँक यू' म्हणा आणि चालत राहा. भाव विचारायलाही थांबू नका.

ॲपवरून गाडी बोलावलीत तर ती दारासमोर येत नाही, शॉर्ट स्टे कार पार्कमध्ये येते. तिथे गेल्यावर आधी नंबर प्लेट जुळवा. मग ड्रायव्हरला 'तुम्ही कोणाला न्यायला आलात?' असं विचारा. नाव त्याने सांगायचं, आपण नाही. मागच्या सीटवर बसा आणि प्रवास ॲपमधून घरच्यांना शेअर करा. ब्लॅक कॅब महाग पडते, रात्री दहानंतर मीटरचा दरही वाढतो. तरी फोन बंद पडला असेल, किंवा नुसती भीती वाटत असेल, तर सरळ स्टँडच्या रांगेत उभे राहा. ब्लॅक कॅबला कार्ड घेणं सक्तीचं आहे. पहिल्या रात्री वाचवलेले चाळीस पौंड मला तरी फार शहाणपणाचे वाटत नाहीत.

खरी अडचण पुष्कळदा गाडीतून उतरल्यावर येते. आमच्या ओळखीतल्या एका मुलीला घरमालकाने किल्लीच्या पेटीचा कोड पाठवला होता. पेटी मात्र मुख्य दाराशी नव्हती, बाजूच्या अंधाऱ्या बोळातल्या फाटकावर होती. वयस्कर कॅबवाल्याने हेडलाइटचा झोत तिकडे टाकला आणि दार उघडेपर्यंत दहा मिनिटं थांबला. प्रत्येक जण असं आपणहून करेल असं नाही, म्हणून सांगावं लागतं. 'प्लीज वेट टिल आय गेट इन', एवढं एक वाक्य. बहुतेक जण थांबतात. आणि हॉस्टेलचं रिसेप्शन रात्री किती वाजेपर्यंत उघडं असतं, उशीर झाला तर किल्ली कोण देणार, हे ईमेलने आधीच विचारून ठेवा.

माझं स्वतःचं मत विचाराल, तर विमान रात्री दहानंतर उतरत असेल आणि घ्यायला कोणी येणार नसेल, तर पहिली रात्र विमानतळाच्या हॉटेलात काढावी. टर्मिनलला लागून हॉटेलं आहेत. सकाळी आंघोळ करून, उजेडात, एलिझाबेथ लाइनने जावं. हॉटेलचे पैसे आणि रात्रीच्या टॅक्सीचे पैसे यांत फरक वाटतो तेवढा नसतो.

आता पुण्या-नाशिकच्या घरांविषयी. लंडनमध्ये सप्टेंबरात रात्रीचे अकरा म्हणजे तिकडे पहाटेचे साडेतीन. आई जागीच असते. इमिग्रेशनच्या हॉलमध्ये फोन वापरू देत नाहीत, त्यामुळे विमान उतरल्यावर दीड तास निरोप आला नाही तर घाबरू नका. तीन निरोप ठरवून घ्या: सामान घेऊन बाहेर आले, गाडीत बसले, खोलीचं दार आतून लावलं. शेवटचा निरोप किती वाजेपर्यंत यायला हवा आणि नाही आला तर इथे कोणाला फोन करायचा, हेही ठरवा. तो नंबर तुमचा असू द्या, मंडळी, आणि त्या रात्री फोन सायलेंटवर टाकू नका. धोका वाटला तर मुलीने स्वतः ९९९ फिरवावा.

आई-बाबा व्हीलचेअरची मदत घेऊन येत असतील, तर मदतनीस त्यांना अरायव्हल्सपर्यंत आणून सोडतो. त्यांना 'बाहेर थांबा' असं सांगू नका, कारण बाहेर म्हणजे त्यांच्या दृष्टीने रस्ता. 'दारातून आल्यावर कठड्यापाशीच थांबा, मी तिथेच असेन, कोणी कितीही आग्रह केला तरी हलू नका' असं सांगा. आणि तुम्ही गाडी आधीच कार पार्कमध्ये लावून त्या कठड्याशी उभे राहा.