तळव्यावरचा तीळ

कवी माणसाला तीळ दिसतो तो गालावरचा. मीही त्यावर ओळी रचल्या. पण एका डागाने मला पायाकडे पाहायला शिकवलं.

आमच्या कर्जत-खालापूरकडे भातलावणी अनवाणीच चालते. काटा रुतला, नख काळं पडलं, तरी कुणी थांबत नाही. माझे मामू असेच शेतकरी. टाचेवर काळा डाग आला, तो कुरूप समजून ते ब्लेडने तासत राहिले. वर्षभराने रक्त येऊ लागलं, जांघेत गाठ आली, तेव्हा मुंबईला नेलं. निदान झालं मेलानोमा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. उशीर झाला होता. पाच वेळा वजू करताना ते पाय धूत. तळवा उजेडात धरून मात्र कुणीच पाहिला नाही. मीही नाही.

हा रोग गोऱ्या लोकांत अधिक, आपल्याकडे दुर्मीळ. पण आपल्याकडे तो बरेचदा तळव्यावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. जमैकाचे गायक बॉब मार्ली यांना तो पायाच्या अंगठ्याला झाला. १९७७ मध्ये निदान झालं, १९८१ मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी ते गेले.

त्वचारोगतज्ज्ञांकडे डर्मोस्कोप नावाचं दिव्याचं भिंग असतं. ते डाग साधारण दहापट मोठा दाखवतं आणि कातडीवरची चकाकी घालवतं, म्हणून आतला रंग दिसतो. तळव्याच्या कातडीलाही शेतासारख्या सऱ्या आणि वरंबे असतात. साध्या तिळाचा रंग बहुधा सरीत असतो, मेलानोमाचा बहुधा वरंब्यावर. तपासणी दुखत नाही, टोचत नाही. शंका आली तर तुकडा काढून बायोप्सी करावीच लागते. शेवटचा निकाल तिचाच. वेळीच सापडला तर अनेकदा तेवढा भाग कापून काढल्याने भागतं.

म्हणून लावणीनंतर पाय धुवाल तेव्हा घरातल्यांचे तळवे पाहा. पसरणारा किंवा रंग बदलणारा डाग, न भरणारी जखम, नखातली रुंदावत जाणारी काळी पट्टी दिसली तर तासू नका. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

मी आता दर महिन्याला अम्मीचे तळवे पाहतो. गुदगुल्या होतात म्हणून ती हसते. हसू दे.